पिवळी रेघ

नट आवळून झाला की अण्णा त्याच्यावर पिवळी रेघ ओढत. नटावरून सुरू होऊन खालच्या पत्र्यावर उतरणारी, बारीक आणि सरळ. त्यांची सगळी नोकरी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पंप जुळवण्यात गेली, तिथली ही शिस्त. नट जरासा जरी फिरला तरी रेघ तुटते, अर्धी एकीकडं आणि अर्धी दुसरीकडं दिसते. रेघ सलग आहे म्हणजे नट जागेवर आहे. कारखाना सुटून बरीच वर्षं झाली, पण ती रंगाची डबी आणि बारका ब्रश काही सुटला नाही. आमच्या घरात गॅसच्या शेगडीला, पंख्याच्या हुकाला, शिलाई मशीनला, जिथं म्हणून नट आहे तिथं रेघ आहे. आई म्हणायची, बरं झालं बाई, मला कुठं नट नाही.

कॉलनीतही त्यांचा तोच लौकिक. कुणाची मोटारसायकल कुरकुरली की ती आमच्या फाटकात येऊन उभी. अण्णा पैसे घेत नसत, फक्त चहा आणि ऐकणारा माणूस एवढंच त्यांना लागायचं. गाडी परत जाताना तिच्यावर कुठंतरी पिवळी रेघ असायची आणि मालक ती कौतुकानं चारचौघांना दाखवायचा.

जीप मात्र गावाकडून आली ती टेम्पोवर बसून. ती मोठ्या काकांची. काका गेल्यावर बरीच वर्षं गोठ्यामागं उभी होती. तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. चुलतभाऊ ती भंगारात घालायला निघाले तेव्हा अण्णांनी फोनवर असा काही आवाज चढवला की आईनं शेगडी बंद करून बाहेर येऊन बघितलं. लग्नानंतर हे दोघं वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला गेले ते ह्याच जीपमधून. त्या वेळी तिच्यात सगळं भावकीचं गाव कोंबलेलं होतं, आईच्या मांडीवर कुणाचं तरी रडकं पोर होतं आणि नवरा मागं लटकत आला होता. आता अण्णांनी ठरवलं होतं की महाशिवरात्रीच्या गर्दीआधी जीप चालती करायची आणि आईला वेरूळला न्यायचं.

"मागं कुणी नाय बसायचं," ते म्हणाले. "म्या आन् तुझी माय. बस."

"ह्या वयात थेरं सुचतात," आई म्हणाली. पण दुसऱ्याच दिवशी मला घेऊन ती गुलमंडीला गेली आणि सीटच्या रेक्झिनसाठी तिनं दुकानदाराला रडकुंडीला आणलं. शेवटी डाळिंबी रंग घेतला. तिच्या लग्नातल्या शालूचा रंग तोच होता, हे तिनं दुकानात सांगितलं नाही, रिक्षात सांगितलं.

मी वरच्या मजल्यावर राहते, नोकरी करते, आणि माझा स्वभाव तापट आहे. अण्णांसोबत काम करणं म्हणजे दोन चुली शेजारी पेटवणं. तरी रविवार मी त्यांना दिले. त्यांच्या हाताखाली पाने द्यायचे, दिवा धरायचा, रॉकेलच्या डब्यात भाग धुवायचे. ते म्हणायचे, "दिवा माझ्या तोंडावर नको धरू, म्या काय लगनाचा नवरदेव हाय का?" मी म्हणायचे, मग तोंड मधे घालू नका. इंजिन खाली उतरवलं, ब्रेकचे पाइप बदलले, गंज खरवडून खरवडून माझ्या नखांची वाट लागली. मला ते दिवस फार आवडत होते. लहानपणी अण्णा शिफ्टमधे अडकलेले असायचे, ते आत्ता कुठं माझ्या वाट्याला आले होते.

थंडी सरत आली होती तेव्हाची गोष्ट. अण्णा दुपारचे आडवे झाले होते आणि मी पुढच्या चाकाजवळ बसून फडक्यानं ग्रीस पुसत होते. चाकं वळवणारा स्टेअरिंगचा डबा ज्या बोल्टांवर बसतो त्यातल्या एका नटाला माझं बोट लागलं. तो फिरला.

पाना नाही, जोर नाही. बाटलीचं झाकण फिरावं तसा फिरला. अण्णांनी सकाळीच तो आवळला होता, दिवा मीच धरला होता. त्याच्यावर रेघ होती, सलग, कोरी करकरीत. ती माझ्या बोटाखाली तुटली.

राहिला असेल एखादा, असं म्हणून मी तो आवळून टाकला. मग शेजारचा बघितला. तोही तसाच. मग मी उठले नाही, बसल्या बसल्या हात पोचेल तेवढे नट चाचपून बघितले. जुने, महिन्यापूर्वीचे, घट्ट होते. अलीकडचे एकापाठोपाठ एक सैल निघत होते. डोळ्यांनी बघणाऱ्याला सगळं जागच्या जागी दिसलं असतं. रंगाची एक रेघ वाकडी नव्हती.

वेरूळच्या वाटेवरचा दौलताबादचा घाट माझ्या डोळ्यांपुढं आला. तो अरुंद दरवाजा, ते वळण, समोरून येणारी बस, आणि डाळिंबी सीटवर बसलेली आई.

पहिली शंका आली ती डोक्याची. अण्णांचं विसरणं सुरू झालंय, आवळायचं विसरतात आणि रेघ ओढतात, असं मी धरून चालले. मग मी त्यांची परीक्षा घ्यायला लागले. काकांच्या लग्नात आचारी कोण होता? मागच्या आठवड्यात दूधवाल्याला काय सांगितलं? गाडीचा पुढचा ॲक्सल कुठल्या दिवशी बसवला? त्यांना सगळं ठाऊक होतं, वर आचाऱ्यानं बुंदी कशी जाळली तेही सांगितलं. शेवटी वैतागून म्हणाले, "काय माय, पोलीस भरतीला बसवायलीस का मला?" मला हसू यायला हवं होतं, ते आलं नाही. विसरत नव्हते म्हणजे ते खरोखर आवळत होते. माझ्यासमोर आवळत होते, दात ओठ खाऊन, आणि तरी नट सैल राहत होता.

मग मी लक्ष ठेवायला लागले, आणि जे दिसलं त्यानं माझी झोप उडाली. आईनं दिलेला चहाचा ग्लास मला हातात धरवेना, पदरात धरून घ्यावा लागला. अण्णांनी तो मुठीत धरला आणि आरामात बोलत बसले. एका रविवारी इंजिन चालू करून बघताना त्यांचा हात तापलेल्या नळीवर टेकला. मला वास आला. मी ओरडले तेव्हा त्यांनी हात काढला आणि माझ्याकडंच रागानं बघितलं, "काय बोंबलायलीस?" बोटांवर टरारून फोड आले. त्यांनी ते कुणा दुसऱ्याच्या हातावरचे असावेत तसे बघितले आणि खिशात हात घातला.

साखर त्यांना बरीच वर्षं आहे. तिनं बोटांची जाणीव आणि हातातला जोर दोन्ही हळूहळू नेलं, हे पुढं डॉक्टरांनी टाचणी टोचून दाखवलं. त्या वेळी मला एवढंच कळत होतं की हाताला घट्ट लागतंय असं त्यांना वाटतं आणि ते खोटं आहे. आणि हे त्यांना सांगायची माझी छाती होत नव्हती. ज्या माणसानं आयुष्यभर हाताच्या भरवशावर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, त्याला कसं म्हणायचं की तुमचा हात गेला?

मी आडून आडून प्रयत्न केला. जोर मोजून आवळायचा पाना मिळतो, काट्यावर आकडा दिसतो, तो आणते म्हटलं. अण्णांनी त्याची अशी टिंगल केली की विचारू नका. "आधी भाकरीला बी काटा लाव. कच्ची हाय का भाजली, आकडा बघून खा." मग मी दुसरा मार्ग धरला, दुपारच्या रजा टाकायला लागले. ते दुपारचे झोपले की मी जीपखाली शिरायचे आणि सगळे सैल नट आवळायचे.

इथंच घोळ झाला. नट फिरला की रेघ तुटते, हे मी विसरले नव्हते. मी आवळून झाल्यावर जुनी रेघ पुसून नवी ओढत होते. पण माझी रेघ त्यांच्या रेघेसारखी कुठून येणार? दुसऱ्याच दिवशी ते जीपखालून बाहेर आले ते कपाळाला आठ्या घालून.

"ह्येला कुणाचा तरी हात लागलाय."

"मांजर असेल," मी म्हणाले. इतकं खुळं उत्तर मी जन्मात दिलं नव्हतं.

कारखान्यात त्यांचा नियम होता की दुसऱ्यानं आवळलेला नट आपल्या सहीनं पुढं पाठवायचा नाही. तो आधी सोडायचा, मग स्वतः आवळायचा, मग रेघ. त्यांनी मी आवळलेला एकेक नट पान्यावर अंगाचा भार टाकून सोडला, आपल्या हातानं पुन्हा लावला आणि सुरेख रेघ ओढली. मी दिवा धरून उभी होते. मी जे घट्ट केलं होतं ते ते माझ्या डोळ्यांदेखत सैल करत होते आणि मला म्हणत होते, "आता बघ, बाप बी हालवू शकत नाय."

त्यानंतर आमचं हे चक्रच सुरू झालं. दुपारी मी आवळायचे, सकाळी ते सोडायचे. त्यांना वाटायला लागलं की जीपच नट धरत नाही. आटे गेलेत म्हणून नवे नट आणले. ते नटही "आपोआप फिरायला" लागले तेव्हा ते गप्प झाले. ते गप्प झाले की घराला कळतं. आईनं त्यातून आपला अर्थ काढला. ही गाडी काकांच्या मागं इतकी वर्षं एकटी उभी होती, तिच्यात काहीतरी आहे. तिनं पुढच्या बंपरला काळी बाहुली बांधली, लिंबू-मिरची बांधली, आणि शेजारणीला सांगितलं की भर दुपारी गाडीत नट फिरल्याचा आवाज येतो. मला हसावं की रडावं कळेना. त्या गाडीत कुणी असेल तर ती मी होते, पाठीवर झोपून, तोंडात ग्रीस घेऊन.

तरीही आईनं वेरूळचा बेत मोडला नाही. "तुझ्या अण्णांनी आवळलंय सगळं," ती म्हणाली. "बाकीचं बघून घेईल घृष्णेश्वर." सोमवार ठरला. तिनं दशम्या आणि चटणी करायचं ठरवलं, कपाटातून एक साडी काढून वाऱ्याला टाकली. ती साडी दोरीवर हलताना दिसली की मी पुन्हा जीपखाली शिरायचे.

रविवारी सकाळी मला आणखी धीर धरवला नाही. अण्णा पुढच्या चाकाचे नट शेवटचे आवळत होते. चाकपाना दोन्ही हातांनी दाबला, मानेच्या शिरा फुगल्या, सुस्कारा टाकला, आणि ब्रशकडं हात नेला.

"थांबा अण्णा," मी म्हणाले. "रेघ नका ओढू."

त्यांनी वर बघितलं. मी खाली बसले आणि दोन बोटांनी तो नट फिरवला. अर्धा वेढा सहज आला.

त्यांनी माझ्या बोटांकडं बघितलं, मग नटाकडं. पाना लावून पुन्हा आवळला. मी पुन्हा फिरवला. मग त्यांनी डाव्या हातानं आवळला. मी तोही फिरवला. समोरच्या झाडावर साळुंक्या भांडत होत्या, आत आई दशम्यांसाठी दुधात कणीक भिजवत होती. मला वाटलं आता ते पाना फेकतील, मला काहीतरी भयंकर बोलतील. मी त्याची वाटच बघत होते. शिवी बरी वाटली असती.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"मला कळून महिना होत आला. आधीचं माहीत नाही."

"म्हंजे नट फिरत नव्हते. तू फिरवायलीस."

"व्हय," मी म्हणाले. घाबरले की मीही त्यांच्यासारखीच बोलते.

त्यांनी स्वतःचे दोन्ही तळवे समोर धरून बघितले, फोडांचे डाग पडलेले. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पूर्वी कधी बघितलं नव्हतं. मला वाटत होतं ते जीपचा विचार करतायत. ते जीपचा विचार करत नव्हते.

"शेजारच्याची गाडी," ते म्हणाले. "परवा मागचं चाक म्याच बसवलंय."

शेजारी एक तरुण जोडपं राहतं. त्यांचं बाळ वर्षाचं व्हायचं होतं. आम्ही त्यांच्या फाटकात पोचलो तेव्हा तो मोटारसायकल सुरू करून बसलेला होता, मागं बायको, दोघांच्या मधे टोपडं घातलेलं बाळ. जालना रोडनं सासुरवाडीला निघाले होते. जालना रोड म्हणजे ट्रकच ट्रक.

"थांब रे," अण्णा म्हणाले. "जाऊ नको. मागचं चाक बघू दे."

"काय झालं काका?"

"म्या आवळलेला नट सैल हाय. माझ्या हातात जोर नाय राहिला. बघू दे."

तो मोठ्यानं हसला. "क्या काका, सुबे सुबे मजाक! तुम्ही आवळलेला नट आन् सैल? ते बघा, तुमची रेघ हाय ना त्याच्यावर." त्यानं बुटाच्या टोकानं मागचं चाक दाखवलं. रेघ होती. सलग होती.

"रेघेवर नको जाऊ," अण्णा म्हणाले. "आरं, खरं सांगायलोय."

"लई उशीर झालाय काका, आल्यावर बघू." बायकोही हसत होती. बाळानं अण्णांकडं हात केले. गाडी निघाली. अण्णा तिच्यामागं पळाले, पाना हातात, "थांब, थांब" करत, कॉलनीच्या वळणापर्यंत. तिथल्या लोकांनाही वाटलं काहीतरी गंमत चाललीय. मी फोन लावत होते. वाजत होता, उचलत नव्हता. चालत्या गाडीवर कोण उचलणार? मी स्कूटी काढून मुकुंदवाडीपर्यंत गेले. त्या गर्दीत तशा शंभर गाड्या होत्या, मधे टोपडी घातलेली बाळं होती. मी परत आले.

अण्णा शेजाऱ्याच्या पायरीवर बसले होते. जेवायला आले नाहीत. आई ताट घेऊन गेली, ताट तसंच परत आणलं. तिला मी सगळं सांगितलं होतं. तिनं दोरीवरची साडी काढून घडी घातली आणि बंपरची बाहुली सोडून टाकली. दुपार टळली. प्रत्येक मोटारसायकलच्या आवाजाला अण्णा उभे राहत आणि परत बसत. रस्त्यानं रुग्णवाहिकेचा भोंगा वाजत गेला तेव्हा त्यांनी माझा हात धरला, आणि तो घट्ट धरलाय असं त्यांना वाटत असणार म्हणून मी सोडवून घेतला नाही. त्यांच्या मुठीत काहीच जोर नव्हता.

ऊन उतरल्यावर ते आले. तिघंही. शेजारी उतरता उतरता म्हणाला, "काका, अजून इथंच? मागनं जरा डुलायली होती गाडी, पंक्चर असंल असं वाटलं."

अण्णांनी पाना मला दिला. मी तो खाली ठेवला, बोटांनी नट धरला आणि फिरवला. मग त्यांना दिसावं म्हणून आणखी फिरवला, तो माझ्या तळहातात येऊन पडला. शेजाऱ्याचं हसू गेलं. बायकोनं बाळाला छातीशी घट्ट धरलं.

"माफ कर रे," अण्णा म्हणाले. "उद्या अजून कुणाकुणाच्या गाड्या हायत त्या बघाव्या लागतील. माझी लेक येईल संगं."

बाळाला मात्र ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. अण्णा दिसले की त्याला रोज त्यांच्या खांद्यावर जायचं असायचं. ते आपल्या आईनं घट्ट धरलेल्या हातांतून खिदळत वाकलं आणि त्यानं अण्णांकडं झेप घेतली. अण्णा एक पाऊल मागं सरले आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागं नेले.